राउंडअबाउटवरचा नारळ

२ सप्टेंबर २००७, रीडिंग

रेखामावशीच्या नाकावर टिच्चून ही डायरी सुरू करते आहे. काल फोनवर म्हणाली, "शाल्मली, तुझं मराठी आता जाहिरातीतल्यासारखं झालंय गं." डोंबिवलीत बसून बोलायला हिचं काय जातं! म्हटलं, लिहूनच दाखवते. रोज लिहीन असं नाही. रीडिंगमध्ये रोज काही घडत नाही.

सध्या घडतंय ते एवढंच, की जुलैत आम्ही या भाड्याच्या घरात राहायला आलो आणि इथली किटली आपोआप सुरू होते. दुपारी चारच्या सुमारास खट्ट आवाज होतो आणि पाणी उकळायला लागतं. स्वयंपाकघरात कुणी नसतं, नुसता जुन्या पद्धतीच्या टाल्कम पावडरीचा वास येतो. बाबा म्हणतात, वायरिंग. बाबा सॉफ्टवेअरवाले, त्यांच्या मते जगातला प्रत्येक बिघाड एकतर वायरिंगचा असतो नाहीतर वापरणाऱ्याचा. आई म्हणते, वास्तूत काहीतरी आहे. मी ए लेव्हलला (म्हणजे इथल्या अकरावी-बारावीला) फिजिक्स घेतलंय, त्यामुळे मी बाबांच्या बाजूने. पण चार वाजता एकटी स्वयंपाकघरात जात नाही.

उद्या कॉलेज सुरू. हिमेना अख्खी सुट्टी कोलंबियाला होती, ती उद्या भेटेल. निळ्या टॉपला इस्त्री केली. मग हिरव्या टॉपला केली. पहिल्याच दिवशी माणसाने गबाळं जाऊ नये.

५ सप्टेंबर

हिमेनाबद्दल लिहिते. ती बारांकिया नावाच्या समुद्रकाठच्या शहरातली. इथे आईबरोबर राहते, ऑक्सफर्ड रोडवरच्या एका दुकानाच्या वर. तिची आई लूस मरीना पहाटे बिझनेस पार्कमधली ऑफिसं साफ करते, आणि कधी कधी कॉलेजच्या आधी हिमेनाही मदतीला जाते. तरी दिवसभर हिची बॅटरी फुल्ल. चालताना गाते, जेवताना गाते, बसमध्ये तर फारच गाते, सगळं स्पॅनिशमध्ये आणि लाज नावाची गोष्ट नाही. लोक तिच्याकडे बघतात. मी लोकांकडे बघते, नीट ऐकताहेत की नाही ते.

तिने माझ्यासाठी लाल दोऱ्याचं ब्रेसलेट आणलं आणि स्वतः मनगटावर बांधलं. गाठ पक्की बसेना म्हणून बराच वेळ लागला. रात्री जेवायला भूक नव्हती. उकाडा फार आहे. बाबा म्हणाले एकोणीस डिग्रीत कसला उकाडा.

६ सप्टेंबर

शेजारच्या मिसेस हॉब्ज कुंपणावरून गप्पा मारायला लागल्या. आमच्या घरात आधी मिस पिम आणि मेबल अशा दोघीजणी राहायच्या म्हणे, चाळीस वर्षं. मेबल बिस्किटांच्या कारखान्यात होती. ती चारला घरी यायची, त्याआधी मिस पिम चहाचं पाणी ठेवायची. मेबल आधी गेली, मग काही वर्षांनी मिस पिम. "बहिणी होत्या का?" मी विचारलं. मिसेस हॉब्ज हसून म्हणाल्या, "नो, डिअर," आणि गुलाब छाटायला लागल्या.

चाळीस वर्षं दोन मैत्रिणी एका घरात! मला पुण्याची निधी एका सहलीत नकोशी झाली होती. हिमेनाबरोबर मात्र जमेल असं वाटतं. चाळीस काय, जास्तही.

८ सप्टेंबर

आईने माझ्यावर पाळत ठेवली आहे. तक्रारी अशा: शाल्मली जेवत नाही, आरशासमोर एकटीच हसते, फोन वाजला की जिन्यावरून पडत पडत धावते, आणि फिजिक्सच्या टेस्टमध्ये पहिल्यांदाच बी आला. आईने रेखामावशीला फोन लावला. स्पीकरवर होता, मला सगळं ऐकू आलं.

"एकटीच हसते?" मावशी.

"एकटीच. आणि किटलीचं तर सांगितलंच तुला."

"अर्चना, पोरीला बाहेरचं लागलंय. येत्या अमावास्येला उतारा टाक."

मी आत जाऊन म्हटलं, "आई, आपण बर्कशायरमध्ये आहोत." आई म्हणाली, "म्हणजे इथे अमावास्या येत नाही का?" यावर फिजिक्सकडे उत्तर नव्हतं.

११ सप्टेंबर, अमावास्या

आज आमच्या घराण्याने इंग्लंडमध्ये जो पराक्रम केला तो लिहून ठेवलाच पाहिजे.

संध्याकाळी बाबा ऑफिसातून आल्यावर आईने मला दारात उभं केलं. नारळ, लिंबू, दहीभात, वर हळदकुंकू. सगळं माझ्यावरून उतरवलं आणि पुटपुटली, "या पोरीला, या घराला जे काही लागलं असेल ते सगळं निघून जाऊ दे." मग प्रश्न आला तिठ्याचा. उतारा टाकायचा तिठ्यावर नाहीतर चौकात. बाबा म्हणाले, "बिझनेस पार्कजवळचा राउंडअबाउट आहे. चार रस्ते मिळतात." आई खूश झाली.

बाबांनी गाडी कडेला लावली. आई धावत गेली, मधल्या गवतावर सगळं नीट मांडून आली आणि गाडीत बसली. "चला! आता कुणीही मागे वळून बघायचं नाही. बघितलं की ते परत येतं."

बाबा चुकीच्या लेनमध्ये होते. बाहेर पडायचा रस्ता हुकला आणि आम्ही गोल फिरून पुन्हा नारळासमोर. आई किंचाळली, "डोळे मिटा!" बाबा म्हणाले, "अगं, मी चालवतोय!" दुसऱ्या फेरीत मागच्या लॉरीने हॉर्न दिला, बाबा घाबरले, पुन्हा रस्ता हुकला. तिसऱ्यांदा नारळ दिसला तेव्हा मी इतकी हसत होते की आई म्हणाली, "बघा, अजून उतरलेलं नाही."

१२ सप्टेंबर

किटली सुरू झाली नाही. पावडरीचा वासही गेला. आई दिवसभर नाक वर करून फिरत होती.

आणि जेवणाच्या सुट्टीत हिमेनाने डबा उघडला. नारळाचा भात.

"शाल, तुला गंमत सांगते," ती म्हणाली. (ती बोलते इंग्रजीत, मी इथे मराठीत लिहिते. मामी म्हणजे तिची आई.) "सकाळी मामीबरोबर ऑफिस साफ करून येत होते, तर राउंडअबाउटवर अख्खा नारळ! कुणीतरी फेकून दिलेला! या लोकांना नारळाची किंमतच नाही. काहीतरी लालपिवळं लागलं होतं, मामीने धुतलं. बारांकियात आम्ही असाच भात करतो. घे, खा."

मी खाल्ला नाही. पोटात दुखतंय म्हणाले. सांगणार काय तिला? की तो आमच्या घरचा उतारा होता? मला हिंदुस्थानातून आलेली गावंढळ समजली असती. शिवाय यात काही तथ्य नाहीच, फिजिक्स आहे. भात संपवून तिने बोटं चाटली.

१३ सप्टेंबर

हिमेना आज बसमध्ये गायली नाही. खिडकीबाहेर बघत होती. चार वाजता एकदम म्हणाली, "पाणी ठेवायला हवं." मी विचारलं, कसलं पाणी? तिला आठवेना. तिच्या अंगाला त्या पावडरीचा वास येत होता.

घरी आल्यावर मी जेवायला बसलेच नाही. आईला सांगितलं, कँटीनमधलं काहीतरी बाधलं.

१५ सप्टेंबर, गणेशचतुर्थी

गणपती बसले. मोदक फुटले, आईने बाबांना दोष दिला. इथल्या मराठी मंडळातले लोक येऊन गेले. मला कशात लक्ष नव्हतं.

काल हिमेनाचे स्पॅनिश शब्द हरवायला लागले. तिच्या आईने फोनवर काहीतरी विचारलं तर ती अडखळली, आणि मग इंग्रजीत उत्तर दिलं. लूस मरीनाला इंग्रजी कामापुरतंच येतं. आज मी बाप्पासमोर बसून नुसती माफी मागत होते. मोदकांचा नैवेद्य असताना माफी कोण मागतं, पण मागितली.

१६ सप्टेंबर

आज हिमेनाच्या घरी गेले. लूस मरीनाने दार उघडलं, डोळे सुजलेले. हिमेना खुर्चीत ताठ बसली होती, पाय जुळवलेले, हात मांडीवर. ती अशी कधीच बसत नाही. ती बसते म्हणजे खुर्चीवर सांडते.

"ओह, हाऊ काइंड ऑफ यू टू कॉल, डिअर," ती मला म्हणाली. आवाज तिचाच, बोलणं कुणा म्हातारीचं. तिची आई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसून स्पॅनिशमध्ये काहीतरी सांगत होती, रडत होती, आणि हिमेना अगदी सभ्यपणे म्हणाली, "आय बेग युवर पार्डन?"

लूस मरीनाने मला स्वयंपाकघरात नेलं. तिने कालच हिमेनाच्या अंगावरून अंडं फिरवून पाण्यात फोडलं होतं. त्यांच्याकडे दृष्ट अशी काढतात. तिने मला ग्लास दाखवला, पिवळा बलक काळा पडला होता. आमच्या मिरच्यांची आणि तिच्या अंड्याची गोष्ट एकच आहे, हे मला तिथे उभ्याउभ्या कळलं. आणि हेही, की फिजिक्स यात पडणार नाही.

मी परत जाऊन हिमेनासमोर बसले. विचारलं, "तुम्ही कोण?"

"एडिथ पिम." मग तिने आमचा पत्ता सांगितला. घरनंबरासकट, पोस्टकोडासकट. "मला घरी जायचंय, डिअर. चारला मेबल येईल. मी कुणालाच त्रास देत नव्हते. मला एका नारळाबरोबर बाहेर काढलं."

"आणि हिमेना कुठे आहे?"

"ती मुलगी? मागच्या खोलीत आहे. हल्ली फार झोपते." मिस पिमला खरंच वाईट वाटत होतं. "आज तर मी हाक मारली तरी उठली नाही."

बसमध्ये मी रडत आले. मी स्पष्टच लिहिते, कारण आता लपवून काय मिळणार. हिमेना गेली तर नुसती मैत्रीण गेली असं होणार नाही. मला दुसऱ्या कुणाचा फोन आल्यावर जिन्यावरून पडावंसं वाटत नाही. दुसऱ्या कुणासाठी मी दोन टॉपना इस्त्री केली नव्हती. मला हिमेना आवडते, मुलींना मुलगे आवडतात तशी. मी एवढी हुशार, आणि हे कळायला एवढा उशीर! मिसेस हॉब्ज गुलाब छाटत का हसल्या तेही आत्ता कळलं.

१७ सप्टेंबर

आईला सगळं सांगितलं.

आई तांदूळ निवडत होती. (इथल्या सुपरमार्केटच्या तांदळात निवडण्यासारखं काही नसतं, तरी निवडते.) मी सांगितलं, हिमेनाने तो नारळ खाल्ला. राउंडअबाउटवरून उचलून घरी नेला, भात केला आणि खाल्ला. आईचा हात थांबला.

"उताऱ्याचा नारळ खाल्ला? अगं, कुणी खातं का!"

"तिला कसं कळणार, आई? ती कोलंबियाची आहे. तिच्या दृष्टीने तो नारळ होता."

मग मिस पिमचं सांगितलं. मला वाटलं होतं आई घाबरेल. ती घाबरली नाही, तिचा चेहरा एकदम पडला. "म्हणजे त्या बाईला मी तिच्याच घरातून हाकललं? आणि दुसऱ्याच्या लेकीच्या गळ्यात घातलं?"

"हो."

"पण तुला काहीतरी झालं होतं ना गं. जेवत नव्हतीस, एकटीच हसत होतीस. म्हणून तर केलं."

इथे गप्प बसता आलं असतं. मी म्हटलं, "आई, ते मिस पिममुळे नव्हतं. ते हिमेनामुळे होतं. मला ती आवडते. तशी."

आईने ताटातले तेच तांदूळ पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतले. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर बाबांना हाक मारेल, नाहीतर मला डोंबिवलीला पाठवेल. शेवटी म्हणाली, "म्हणजे जे काढायला गेले ते तिथेच आहे. आणि भलतीच बाई बाहेर गेली."

"हो."

"हं." एवढं म्हणून तिने ताट बाजूला सरकवलं. उठून रेखामावशीला फोन लावला आणि विचारलं, काढलेलं परत घरात कसं आणायचं? मावशी म्हणाली, "वेड लागलंय का? काढायचं कसं ते लोक विचारतात. परत आणायचं कसं ते आजवर कुणी विचारलं नाही."

आईने फोन ठेवला. "बाईमाणसाला मानाने घरात आणायची रीत मला एकच ठाऊक आहे," ती म्हणाली. "उद्या गौरी यायच्या आहेत. तांब्या घासायला घे. आणि लूस मरीनाला सांग, लेकीला घेऊन नदीवर ये म्हणावं."

आमच्याकडे खड्याच्या गौरी असतात. नदीवरून खडे आणायचे, एरवी ते मी आणते. वाटेत कुणीच बोलायचं नाही आणि मागे बघायचं नाही. पुढे एकजण घंटा वाजवत चालते. रात्री मी मिस पिमला फोन केला आणि विचारलं, उद्या नदीवरून फिरत फिरत घरी यायला आवडेल का?

"दॅट वुड बी लव्हली, डिअर," हिमेनाच्या तोंडून उत्तर आलं. मग तिने विचारलं, "तू कोण म्हणालीस?"

१८ सप्टेंबर, गौरी आवाहन

रात्रीचे अकरा वाजून गेलेत. तरी लिहिते.

थेम्सच्या काठी आम्ही दुपारी भेटलो. आई नऊवारी नेसली होती आणि वर बाबांचा रेनकोट. लूस मरीना कामाच्या निळ्या एप्रनमध्येच आली, हातात अंडं घेऊन, न जाणो लागलं तर म्हणून. दोघी आयांनी एकमेकींकडे पाहिलं. आई म्हणाली, "सॉरी. माय मिस्टेक. माय कोकोनट." लूस मरीनाला किती कळलं कोण जाणे, पण तिने आईचा हात धरला आणि सोडलाच नाही.

आईने काठावरचे खडे वेचून तांब्यात घातले, हळदकुंकू लावलं आणि तांब्या हिमेनाच्या हातात दिला. मी घंटा घेतली. आई बजावून म्हणाली, "शाल्मली, तू पुढे. काय वाटेल ते झालं तरी वळायचं नाहीस. वळलीस तर मिस पिम हिमेनाला घेऊन कुठे जाईल सांगता येत नाही." मग आई आणि लूस मरीना दार सजवायला टॅक्सीने पुढे गेल्या.

मी घंटा वाजवत निघाले. मागून पावलं येत होती, पण ती हिमेनाची नव्हती. हिमेना बूट घासत चालते. ही टक टक, टाचा उचलून चालत होती. मला ओरडावंसं वाटत होतं, तू आत आहेस ना गं? बोलायची सोय नव्हती, मी घंटा वाजवत राहिले. लोक बघत होते. बघू देत.

राउंडअबाउटला गाड्यांची रांग लागली होती. आणि मधोमध बाबा! आईने त्यांना ऑफिसातून बोलावून घेतलं होतं. ऑफिसात ते फायर वॉर्डन आहेत, त्याचं पिवळंजर्द जॅकेट घालून, दोन्ही हात आडवे करून उभे. चारी रस्त्यांवरच्या गाड्या त्यांनी थांबवून धरल्या होत्या. आयुष्यभर रांगेत उभा राहिलेला हा माणूस एका डबल डेकरला म्हणत होता, "वेट! लेडीज फर्स्ट!" मी हसले, आणि त्याच वेळी मागची पावलं थांबली.

गवताचा तुकडा तिथेच होता. जिथे नारळ ठेवला होता तिथे ती थांबली असणार. मला मागून रडण्याचा आवाज आला, म्हातारीचा, हळू. मान आपोआप वळत होती, मी दात आवळले आणि समोरच्या बसच्या नंबराकडे बघत राहिले. घंटा जोरात वाजवली. पुन्हा वाजवली. किती वेळ गेला माहीत नाही. मग टक, टक. पावलं निघाली. डबल डेकरच्या ड्रायव्हरने मोकळेपणाने टाळ्या वाजवल्या, त्याला वाटलं लग्न आहे.

आमच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत आईने कुंकवाची पावलं काढली होती, भाड्याच्या घराच्या पांढऱ्या गालिच्यावर. मिसेस हॉब्ज कुंपणाशी उभ्या होत्या. मी बाजूला झाले, आणि आता मात्र मला तिच्याकडे बघता आलं. हिमेनाचे डोळे उघडे होते, पण आत हिमेना नव्हती. आईने तिचे पाय कोमट पाण्याने धुतले, पुसले, त्यावर कुंकू लावलं. आईचे गुडघे दुखतात, ती देवासमोरही खाली बसत नाही. आज बसली.

"कोण आलं?" आईने रीतीप्रमाणे विचारलं.

उत्तर नाही. ओठ हलले, पण आवाज नाही. मी आत्ता मरते की काय असं झालं.

तेव्हा आईने रीत सोडली. तशीच खाली बसून, मान वर करून, तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, "मिस पिम, धिस इज युवर हाऊस. आय थ्रू यू आउट. आय ॲम व्हेरी सॉरी. प्लीज कम होम. आम्ही तुमच्याकडे राहायला आलोय, तुम्ही आमच्याकडे नाही." आईने आजवर बाबांची माफी मागितलेली मी पाहिलेली नाही.

हिमेनाने उंबरठा ओलांडला. एकेका पावलावर पाय ठेवत ती आत गेली, तिच्यामागे मी, माझ्यामागे दोघी आया. स्वयंपाकघरात पोचली तेव्हा तिने तांब्या ओट्यावर ठेवला, सुस्कारा सोडला, आणि पावडरीचा वास सगळीकडे पसरला. किटली खट्ट करून सुरू झाली. चार वाजत होते.

हिमेना खाली कोसळली. मी धरली. ती डोळे चोळून इकडेतिकडे बघायला लागली, कुंकवाकडे, नऊवारीकडे, रेनकोटकडे. मग लूस मरीनाकडे बघून मोठ्याने म्हणाली, "मामी, तेंगो आम्ब्रे!"

लूस मरीनाने आकाशपाताळ एक केलं. अंडं हातातून पडलं, फुटलं, बलक पिवळाधमक होता. ती हसत, रडत, माझ्या आईला हलवत ओरडली, "शी इज हंग्री! शी इज हंग्री!" आई म्हणाली, "मग बसा की! पानं वाढलेलीच आहेत." आणि बाबा पिवळ्या जॅकेटमध्ये धापा टाकत आले आणि त्यांनी विचारलं, "झालं का नीट?"

झालं, बाबा. सगळं झालं. आपण जिंकलो.

१९ सप्टेंबर

गौरीपूजन. हिमेना जेवायला होती, तिच्या आईसकट. पाच पुरणपोळ्या खाल्ल्या आणि सहावी मागताना गायली.

संध्याकाळी हळदीकुंकवाला मंडळातल्या बायका आल्या. आईने गौरीची ओटी भरली, मग हिमेनाला पाटावर बसवून तिचीही भरली. ओटीत नारळ पडल्यावर हिमेना माझ्या कानात म्हणाली, "हा खायचा ना नक्की?" आईला कळलं. "खा," ती म्हणाली, "हा तुझाच आहे."

स्लाऊच्या मीनाक्षीकाकूंचं लक्ष होतंच. "अर्चना, ही मुलगी कोण गं? आपल्यातली नाही दिसत."

खोलीतल्या सगळ्या बायका हिमेनाकडे बघायला लागल्या. माझे कान तापले. आईने अत्तरदाणी खाली ठेवली.

"आपल्यातली नसेल," आई म्हणाली. "घरातली आहे." आणि काकूंच्या हातावर डाळ ठेवली.

२० सप्टेंबर, विसर्जन

खडे थेम्समध्ये सोडले. मिस पिम आमच्याकडेच आहे, तिला कुणी सोडायला सांगितलं नाही. आई आता चारच्या आधी दोन कप काढून ठेवते.

विसर्जन झाल्यावर आई-बाबा आणि लूस मरीना गाडीकडे गेले. आम्ही दोघी काठावर थांबलो. हिमेना म्हणाली, "मला आतून सगळं ऐकू येत होतं. मी मागच्या खोलीत होते, दार बंद, फार झोप येत होती. मग घंटा ऐकू आली. मी म्हटलं, ही थांबतच नाहीये, उठावं लागणार."

"मला वाटलं तू येत नाहीयेस."

"मग वळून का नाही बघितलंस?"

"बघितलं असतं तर तू कायमची गेली असतीस. आणि मला तू हवी आहेस." एका दमात बोलून टाकलं. "मैत्रीण म्हणून म्हणत नाहीये मी."

"माहीत आहे," हिमेना म्हणाली. "ब्रेसलेटची गाठ बांधायला एवढा वेळ कुणाला लागतो, शाल? मला पहिल्यांदाच जमली होती. तीनदा सोडून पुन्हा बांधली." तिचेही कान लाल झाले होते. "आता बघ की. आता कुणी नको म्हणत नाही."

मी बघितलं. चांगलं पोटभर बघितलं. मग मीच पुढे होऊन तिचा हात धरला आणि तो न सोडता काठ चढून वर आले, सगळ्यांच्या देखत. बाबांनी एकदा हाताकडे, एकदा आईकडे बघितलं आणि गाडी सुरू केली. लूस मरीना खिडकीतून जोरजोरात हात हलवत होती. आईने मागचं दार उघडून धरलं होतं.

"चला गं दोघी," ती म्हणाली. "भात गार होतोय."